बाळ सारखं रडतं, यात उपमा कुठे?



आजचा विषय अलंकार. पालक मला फोन करतात तेव्हा एक वाक्य हमखास असतं: "बाकी व्याकरण बरं आहे हो, फक्त अलंकार पाठ होत नाहीत." हे 'पाठ होत नाहीत' ऐकलं की मला कळतं, मुलाला अलंकार कसे शिकवले गेले असणार.

मी इंदूरला राहते. दर शनिवारी संध्याकाळी आमच्या घरच्या हॉलमध्ये आठ-दहा मुलं मराठी शिकायला येतात. घरी मराठी बोलतात, शाळेत हिंदी किंवा इंग्रजी. एका शनिवारी मी फळ्यावर पाच वाक्यं लिहिली आणि अलंकार ओळखायला सांगितलं. त्यात मुद्दाम एक वाक्य घातलं होतं: 'शेजारचं बाळ सारखं रडतं.' नऊ मुलांपैकी सहा जणांनी लिहिलं, उपमा.

मी एकाला विचारलं, "उपमा कशी रे?"

"काकू, 'सारखं' आलंय ना."

"बरं. कशासारखं रडतं?"

तो थांबला, विचार केला आणि म्हणाला, "बाळासारखं."

सगळे हसले, तोही हसला. पण चूक त्याची नव्हती. गाईडमध्ये चौकट असते: सम, समान, सारखा, प्रमाणे, परी, तुल्य हे शब्द दिसले की उपमा; जणू, जणू काय, गमे, वाटे, भासे, की हे दिसले की उत्प्रेक्षा. मुलं ही चौकट पाठ करतात आणि परीक्षेत मार्कही मिळवतात, कारण परीक्षेतली वाक्यंही बहुतेक त्याच चौकटीतून आलेली असतात. तिथे 'सारखं' म्हणजे 'सतत' असा अर्थ असलेलं वाक्य कोणी घालत नाही. आणि 'मला वाटतं पाऊस येईल' यात 'वाटणं' आहे म्हणून ती उत्प्रेक्षा होत नाही, हेही कोणी तपासत नाही. म्हणजे मूल वाक्य वाचतच नाही, वाक्यातला एक शब्द शोधतं. गर्दीत माणूस ओळखण्याऐवजी फक्त टोपी बघावी, तसा हा प्रकार.

मग मी दुसरं वाक्य लिहिलं: 'माझी बॅग तुझ्या बॅगेसारखी आहे.' आता इथे 'सारखी' म्हणजे खरोखरच साम्य. मग ही उपमा का? मुलं गोंधळली. गोंधळायलाच हवं होतं. जुन्या शास्त्रकारांनाही हा प्रश्न पडलाच होता, आणि त्याचं ठरलेलं उदाहरण आहे: गवा गाईसारखा असतो. हे साम्य खरं आहे, उपयोगीही आहे, जंगलात गवा दिसला तर ओळखता येईल. पण तो अलंकार नाही, ती माहिती आहे. अलंकारात चमत्कार हवा असं ते म्हणत. चमत्कार म्हणजे जादूटोणा नव्हे. दोन वेगळ्या घरच्या गोष्टी अचानक एका पाटावर बसलेल्या दिसल्या की आपण क्षणभर थबकतो आणि आपल्याला बरं वाटतं, ते थबकणं. बॅगेशेजारी बॅग ठेवून कोण थबकणार?

उपमेचे चार भाग तुम्हाला माहीत आहेत: उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि साम्यवाचक शब्द. ही नावं मी शेवटी सांगते. आधी चार प्रश्न विचारते. आपण कशाबद्दल बोलतोय? त्याला कशाशेजारी बसवलं? कोणत्या बाबतीत ते सारखे? आणि हे जोडायला कुठला शब्द वापरला? पहिला, दुसरा आणि चौथा प्रश्न सोपे आहेत. मुलं पटकन उत्तरं देतात. सगळा जीव तिसऱ्या प्रश्नात आहे, आणि नेमका तोच आपण घाईत सोडून देतो.

एका मुलानं लिहिलं होतं, 'परीक्षेच्या आदल्या रात्री माझं डोकं प्रेशर कुकरसारखं झालं होतं.' मी विचारलं, कोणत्या बाबतीत? एक जण म्हणाला, गरम. दुसरी म्हणाली, गरम तर तवाही असतो, कुकर आतून बंद असतो. तिसरा म्हणाला, शिट्टी. यावर ज्यानं लिहिलं होतं तो म्हणाला, "नाही काकू, शिट्टी वाजली की हलकं वाटतं. माझं शिट्टीच्या आधीचं झालं होतं." वीस मिनिटं यात गेली आणि मी ती जाऊ दिली. त्यानंतर मी सांगितलं की असा सारखेपणाचा मुद्दा शब्दांत सांगितला नसेल तर तिला लुप्तोपमा म्हणतात, आणि चारही भाग असतील तर पूर्णोपमा. नावं लगेच बसली, कारण त्यांच्यासाठी जागा आधीच तयार झाली होती.

आता मुख्य गोष्ट. उपमा, उत्प्रेक्षा, रूपक, अपन्हुती, व्यतिरेक, अनन्वय ही सगळी एकाच घरातली भावंडं आहेत. पुस्तकात मात्र प्रत्येकाची वेगळी व्याख्या, वेगळ्या कवितेचं वेगळं उदाहरण. एकात चंद्र, दुसऱ्यात समुद्र, तिसऱ्यात आई. मग मुलाला फरक दिसणार कसा? फरक बघायचा तर बाकी सगळं सारखं ठेवावं लागतं. संस्कृत पंडित यासाठी मुख आणि चंद्र ही एकच जोडी सगळीकडे फिरवत. ती युक्ती उत्तम, पण चंद्रासारखं मुख आजच्या मुलानं कधी मनापासून कुणाला म्हटलेलं नसतं. म्हणून मी मुलांकडूनच जोडी मागते. त्या दिवशी एका मुलीनं दिली: आजीचा हात आणि भाकरी.

मग आम्ही पायरी पायरीनं चढलो. 'आजीचा हात भाकरीसारखा खरखरीत आणि ऊबदार आहे.' इथे बोलणारा सांभाळून बोलतोय. दोन गोष्टी आहेत, त्या सारख्या आहेत, एवढंच म्हणणं. ही उपमा. 'आजीचा हात म्हणजे जणू तव्यावरून आत्ताच उतरलेली भाकरी.' आता त्याला वाटायला लागलंय की ही भाकरीच असावी. कल्पना धावते आहे, पण 'जणू' म्हणून एक पाय मागे ठेवला आहे. ही उत्प्रेक्षा. 'आजीचा हात ही माझी ऊन ऊन भाकरी.' मागचा पायही उचलला. हात आणि भाकरी एकच झाले, हे रूपक. 'हा हात कुठला, ही तर तव्यावरची भाकरी!' इथे तर समोरचा हात हात असल्याचंच नाकारलं. अपन्हुती शब्दाचा अर्थच लपवणं, नाकारणं असा आहे.

आता गंमत बघा. इथवर भाकरी मोठी होती, हाताला तिची बरोबरी करायची होती. पुढच्या पायरीवर पारडं फिरतं. मी वर्गाला विचारलं, हात भाकरीपेक्षा वरचढ आहे असं म्हणायचं तर काय म्हणाल? जोडी देणारी मुलगी म्हणाली, "भाकरी थोड्या वेळानं गार होते. आजीचा हात होत नाही." हा व्यतिरेक. मंडळी, इतकी वर्षं मी व्यतिरेक शिकवतेय, यापेक्षा चांगलं उदाहरण मला पुस्तकात सापडलेलं नाही. आणि शेवटी, आता भाकरीही नको, दुसरं काहीच नको: 'आजीचा हात आजीच्या हातासारखाच.' हा अनन्वय.

सहा अलंकार झाले आणि व्याख्या एकही पाठ करावी लागली नाही. मुलांना कळलं ते एवढंच की बोलणारा किती धाडस करतो त्यावर नाव बदलतं. हवं तर दोन पायऱ्या बाजूला जोडता येतात. पाठीवर हात फिरतोय की ऊन भाकरी, असा नक्की न ठरणारा संशय असेल तर ससंदेह. आणि अंधारात टोपलीतल्या भाकरीला हात लागला आणि तोंडातून 'आजी' निघालं, तर भ्रांतिमान. ससंदेहात मन दोन्हीकडे झुलतं, भ्रांतिमानात ते खरोखर फसतं आणि त्याप्रमाणे वागूनही बसतं. परीक्षेत याच जोडीवर मुलं सगळ्यात जास्त चुकतात. झुलणं आणि फसणं हे दोन शब्द लक्षात ठेवले की पुरतं.

आता एक माझी चूक सांगते. पुष्कळ वर्षांपूर्वीची आहे. सातवीतल्या एका मुलीचे आजोबा वारले होते. मी 'माझे आजोबा' असा निबंध दिला. तिनं लिहिलं, 'आजोबांचा चष्मा अजून त्यांच्या जागेवर बसून असतो. त्याला कोणी उठवत नाही.' मी लाल पेनानं 'बसून' खोडलं आणि वर लिहिलं, 'ठेवलेला'. 'उठवत' खोडून 'उचलत'. समासात शेरा दिला: शब्दयोजनेकडे लक्ष द्यावे. त्याच्या दोनच आठवडे आधी मी वर्गात चेतनगुणोक्ती शिकवली होती. निर्जीव वस्तूवर सजीवाच्या गुणांचा आरोप. वारा गातो, फुलं हसतात, झाडं डुलतात. सगळ्यांनी लिहून घेतलं होतं, तिनंही.

पुढच्या निबंधात तिनं लिहिलं, 'आमच्यावर दुःखाचा डोंगर कोसळला.' त्याला मी 'छान' दिलं.

हे माझ्या लक्षात आलं ते फार नंतर, जुन्या वह्या रद्दीत घालताना. 'दुःखाचा डोंगर' हे रूपकच आहे, कोणीतरी पहिल्यांदा म्हटलं असेल तेव्हा ऐकणारे थबकले असतील. पण आता ते झिजून नाणं झालंय, हातोहात फिरतं आणि कोणी त्यावरचं चित्र बघत नाही. चष्मा मात्र तिचा स्वतःचा होता. त्या घरात कोणाला चष्मा हलवायचं धैर्य होत नव्हतं, हे 'उठवत नाही' या दोन शब्दांत आलं होतं. मी ते दुरुस्त केलं. ती मुलगी तोवर कॉलेजात गेली होती. मी तिला फोन करून सांगितलं. तिला ते वाक्य आठवतही नव्हतं.

तेव्हापासून वही तपासताना मी एक पथ्य पाळते. विचित्र वाटणाऱ्या शब्दाखाली पेन्सिलनं रेघ मारते, खोडत नाही, आणि मुलाला विचारते, हे असं का लिहिलंस? त्याला काही सांगता आलं, अडखळत का होईना, तर शब्द तसाच राहतो. कधी कधी उत्तर येतं, "चुकून." मग दुरुस्त करायचं. पण विचारल्याशिवाय नाही.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या मुलांची आणखी एक अडचण आहे, ती पुण्या-मुंबईच्या शिक्षकांच्या सहसा ध्यानात येत नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलानं यमकाचं उदाहरण म्हणून लिहिलं, 'पुस्तकाच्या पानात पिंपळाचं पान ठेवलं.' मराठीच्या पेपरात हे चूक धरतील, कारण मराठीत आपण यमक म्हणतो ते कवितेच्या चरणांच्या शेवटी जुळणाऱ्या अक्षरांना. पण त्याच्या शाळेतल्या हिंदीच्या बाईंनी याला पूर्ण मार्क दिले असते. हिंदीत यमक म्हणजे तोच शब्द पुन्हा येणं आणि दर वेळी अर्थ वेगळा असणं. चरणाच्या शेवटच्या जुळणीला तिथे तुक किंवा अंत्यानुप्रास म्हणतात. खरं तर हिंदीतला अर्थ संस्कृतातल्या यमकाच्या अधिक जवळ आहे. मोरोपंतांसारख्या पंडित कवीनं यमकाचा इतका सोस केला की मराठी माणसाच्या कानात यमक म्हणजे जुळणारी अक्षरं हेच पक्कं बसलं, असं मला वाटतं. मुलाला 'चूक' म्हणण्याआधी हे सांगायला हवं. तीच गोष्ट चेतनगुणोक्तीची. हिंदीच्या पुस्तकात ती मानवीकरण या नावानं भेटते. नाव वेगळं, वस्तू एकच. एवढा पूल बांधून दिला की मुलाला एकाच गोष्टीचा दोनदा अभ्यास करावा लागत नाही. गुजरात, कर्नाटक, तेलंगणात शिकवणाऱ्यांनी आपापल्या शाळेतली नावं अशी शेजारी मांडून बघावीत.

श्लेषाशी मात्र गोंधळ होऊ देऊ नका. शब्द दोनदा आला आणि अर्थ दोन झाले तर हिंदीतलं यमक. शब्द एकदाच आला आणि अर्थ दोन निघाले तर दोन्ही भाषांत श्लेष. 'मंडईत कांदा आणि उमेदवार, दोघांनाही सध्या भाव आहे.' हे वाक्य माझ्या वर्गातल्या नववीच्या मुलाचं, निवडणुकीच्या दिवसातलं. त्याला मी खाऊ दिला.

म्हणी-वाक्प्रचारांबाबत मी थोडी हट्टी आहे. आमच्याकडची मुलं सरळ म्हणतात, 'डाळीत काहीतरी काळं आहे.' हिंदीतून उचललेलं. मी रागवत नाही, पण शेजारी आपला वाक्प्रचार ठेवते: कुठंतरी पाणी मुरतंय. आणि विचारते, दोन्ही चित्रं काढून बघा. डाळीतलं काळं वरून दिसतं, चमच्यानं काढून टाकता येतं. मुरणारं पाणी दिसत नाही. ते भिंतीत आत आत जातं, आणि पोपडे पडतात तेव्हाच कळतं. म्हणजे दोन्हींत संशय आहे, पण एकाच जातीचा नाही. हे बोलणं झाल्यावर एक मुलगा म्हणाला, "म्हणजे डब्यातली चॉकलेटं कमी झाली तर डाळ, आणि बँकेत घोटाळा झाला तर पाणी." मी याहून नेमकं सांगू शकले नसते. मूल दोन भाषांत वाढतं तेव्हा त्याच्याकडे चित्रांचे दोन खजिने असतात. एकावर कुलूप घालायचं आणि दुसऱ्यात भर घालायची, यात शहाणपण नाही.

उपमानांचंही तेच. चकोर, चातक, कमळ, हंस ही परंपरेची उपमानं ओळखता यायला हवीत, नाहीतर जुनी कविता उघडत नाही. पण मुलांनी स्वतः लिहिताना ती वापरावीत असा आग्रह कशाला? बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं, अलंकारांची नावं तर दूरच. त्यांनी उपमानं कुठून घेतली? खानदेशातल्या शेतातून, विहिरीवरून, जात्यावरून, चुलीवरून. एकनाथांनी विंचवाचं भारूड रचलं तेव्हा माणसाच्या मनातल्या विकारांना विंचू केलं, आणि ऐकणाऱ्या प्रत्येकाला विंचू चावल्यावर काय होतं ते ठाऊक होतं. दिल्लीतल्या मराठी मुलाला धुकं ठाऊक आहे, गोव्यातल्या मुलाला भरतीचं पाणी. तिथूनच येऊ दे.

पाठांतराची भीती कमी करायला मी एक गोष्ट सांगते. भरताच्या नाट्यशास्त्रात अलंकार फक्त चार आहेत: उपमा, रूपक, दीपक आणि यमक. पुढे पंडित बारकावे वाढवत गेले, आणि सोळाव्या शतकात तमिळ प्रदेशातल्या अप्पय्य दीक्षितांच्या 'कुवलयानंदा'त ही संख्या शंभरावर गेली. म्हणजे यादी माणसांनीच वाढवलेली आहे. आणि ज्याचा 'काव्यप्रकाश' शतकानुशतकं अभ्यासला गेला त्या मम्मटानं तर काव्याच्या व्याख्येतच मुभा ठेवली की कधी अलंकार नसला तरी काव्य होऊ शकतं. हे ऐकून मुलांचे चेहरे उजळतात. निबंधात दर ओळीला एक उपमा घालण्याची सक्ती मग आपोआप सुटते.

परीक्षेचं काय, असं तुम्ही विचाराल. ती चौकट मीही शिकवते, पण सगळ्यात शेवटी, परीक्षेच्या महिनाभर आधी, आणि 'बाळ सारखं रडतं' हे वाक्य तिच्या डोक्यावर लिहून. उत्तर लिहिताना नुसतं नाव लिहायचं नाही. उपमेय काय, उपमान काय, सारखेपणा कुठला, आणि बोलणारा कोणत्या पायरीवर उभा आहे, हे दोन ओळींत लिहायचं. ज्याला हे लिहिता येतं त्याचं नाव सहसा चुकत नाही.

या आठवड्याचा गृहपाठ मोठ्यांसाठीही आहे. 'शब्द' हा शब्द घ्या. मराठीत आपण शब्द देतो, पाळतो, मोडतो, फिरवतो, टाकतो, झेलतो, गिळतो. प्रत्येक वेळी शब्द ही कुठली तरी वस्तू झालेली असते. झेलतो तेव्हा चेंडू, मोडतो तेव्हा काठी. पाळतो तेव्हा काय, यावर आमच्या वर्गात अजून एकमत झालेलं नाही. एक गट म्हणतो गाय, दुसरा म्हणतो व्रत. मुलांना घेऊन बसा, यादी वाढवा, आणि तुमच्या गावातल्या दुसऱ्या भाषेत शब्दाचं काय काय करतात तेही शेजारी लिहा. पुढच्या भागात आपण वृत्तं घेऊ, तेव्हा एक रिकामी वही आणि टाळ्या वाजवायला दोन हात जवळ ठेवा.